मागच्या एक्सलचे ऑइल सील वारंवार गळते: दोष बेअरिंगचा, शाफ्टचा की वाकलेल्या हाउसिंगचा?

प्रश्न

माझी गाडी चासीवर बांधलेली आणि चारही चाकांना जोर देता येणारी आहे. मागे सलग एक्सल असून तो दोन्ही बाजूंना पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, बसवलेला आहे. हाफ शाफ्ट (चाकापर्यंत जोर नेणारे दांडे) सेमी-फ्लोटिंग प्रकारचे आहेत, म्हणजे चाक थेट शाफ्टच्या फ्लँजवर (टोकाच्या चकतीवर) बसते आणि चाकाचे बेअरिंगही शाफ्टवरच दाबून बसवलेले आहे. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गीअररचना) साधे आहे, त्यात दोन्ही चाके एकत्र जखडणारा लॉकर नाही. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत.

खडकाळ उतारावरून येताना मागचे उजवे चाक एका उंच दगडावरून घसरले आणि गाडीचा मोठा भार त्या एकाच चाकावर आदळला. त्या वेळी काहीही तुटल्यासारखे वाटले नाही आणि गाडी स्वतःच्या बळावर परत आली. त्यानंतर मात्र सपाट रस्त्यावर मध्यम वेगात मागून घुमणारा आवाज येऊ लागला. डावीकडच्या लांब वळणावर तो आवाज वाढतो आणि उजवीकडच्या वळणावर बराच कमी होतो. उजव्या ड्रमच्या आत गीअर ऑइल उतरलेले दिसले, म्हणून एका कार्यशाळेत त्या बाजूचे बेअरिंग आणि ऑइल सील बदलून घेतले. काही काळ सर्व ठीक होते, पण आता पुन्हा त्याच बाजूला ऑइल उतरू लागले आहे आणि उजव्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा स्पष्टपणे अधिक झिजली आहे. याशिवाय रिव्हर्समधून पुढच्या गीअरमध्ये जाताना मागे ‘खट्’ असा आवाज येतो. हा आवाज आदळण्यापूर्वी येत होता की नाही, हे मला आठवत नाही.

कार्यशाळेतून आता पूर्ण हाफ शाफ्ट बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, केवळ शाफ्ट बदलून हा दोष जाईल का, आणि हाउसिंग (एक्सलचे बाहेरचे कवच) वाकलेले निघाल्यास ते सरळ करता येते की बदलावेच लागते, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पहिले उत्तर

आपण लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की निम्मे काम तिथेच झाले आहे. माझा पहिला आग्रह असा, की मोजमाप पूर्ण होईपर्यंत कोणताही नवा भाग मागवू नये. दुसरी गोष्ट त्याहून तातडीची आहे. ब्रेकच्या शूजवर गीअर ऑइल गेले असेल तर ही गाडी रस्त्यावर आणू नये, कारण एका मागच्या चाकाचा ब्रेक धरतो आणि दुसऱ्याचा धरत नाही, अशा स्थितीत जोरात ब्रेक दाबला तर गाडी आडवी होऊ शकते. ऑइल मुरलेले शूज धुऊन पुन्हा वापरण्याचा मोहही टाळावा. घर्षणाचे अस्तर ऑइल शोषून घेते आणि गरम झाल्यावर ते पुन्हा बाहेर सोडते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे शूज जोडीने बदलणे हाच मार्ग आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चाक तिरके दिसत असेल तर त्याची कारणे दोन गटांत मोडतात, आणि त्यांना वेगळे करणारी परीक्षा अगदी सोपी आहे. रिम, फ्लँज किंवा शाफ्ट वाकलेला असेल तर तो तिरकेपणा चाकाबरोबर फिरतो, म्हणजे चाक अर्धी फेरी फिरवले की वर आत झुकलेली कड खाली जाते. हाउसिंगची नळी वाकलेली असेल तर चाक कितीही फिरवले तरी झुकाव जागच्या जागी राहतो. कार्यशाळेत चाक उचलून फिरवून पाहतात आणि ते डगमगत नाही म्हणून सर्व ठीक आहे असे ठरवतात. पण त्या तपासणीत फक्त पहिला गट सापडतो, आणि वाकलेल्या नळीवरचे चाक तर अगदी सुबकपणे, न डगमगता फिरते.

मोजण्यासाठी गाडी शक्य तितक्या सपाट जागी उभी करावी, दोन्ही मागच्या टायरांतील हवेचा दाब सारखा करावा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. चाकाच्या बाहेरच्या बाजूला टायरला न टेकेल असा ओळंबा सोडावा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंतचे व खालच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. टायरच्या पोटावरून मोजू नये, कारण जमिनीजवळ टायर फुगलेले असते. मग ठोकळे काढून, चाकाची अर्धी फेरी होईल इतकी गाडी ढकलावी, ठोकळे पुन्हा लावून तेच अंतर परत मोजावे. दोन्ही वाचनांची सरासरी म्हणजे नळीचा खरा झुकाव, आणि दोन वाचनांतील फरकाचा अर्धा भाग म्हणजे रिम किंवा फ्लँजचा वाकडेपणा. रिमच्या कडांमधील अंतर ४०० मिलिमीटर असेल तर १ अंशाचा झुकाव म्हणजे वर-खाली सुमारे ७ मिलिमीटरचा फरक, हे प्रमाण हाताशी ठेवावे.

जमीन पूर्ण सपाट नसेल तरी निराश होऊ नये. जमिनीच्या उतारामुळे एक चाक जितके आत झुकलेले दिसते तितकेच दुसरे बाहेर झुकलेले दिसते, त्यामुळे दोन्ही चाकांच्या वाचनांची चिन्हासह बेरीज केली की उताराचा परिणाम निघून जातो आणि संपूर्ण एक्सलचा एकूण वाक उरतो. मात्र तो वाक कोणत्या बाजूचा आहे हे ठरवायला सपाट जमीनच हवी.

यानंतर पुढे-मागे मोजावे. दोन्ही टायरांच्या मध्यरेषेवर खडूने खूण करावी आणि त्या दोन खुणांमधील अंतर चाकाच्या मध्याच्या उंचीवर प्रथम एक्सलच्या पुढच्या बाजूला आणि नंतर मागच्या बाजूला घ्यावे. यासाठीही गाडी अर्धी फेरी ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला आणल्या म्हणजे टायरचा वेडेवाकडेपणा हिशेबातून जातो. चाक वरून आदळले असेल तर नळीचे बाहेरचे टोक वर जाते आणि चाकाचा माथा आत झुकतो. चाक समोरून दगडावर धडकले असेल तर टोक मागे जाते आणि चाकाची पुढची कड बाहेर वळते. आपल्या वर्णनावरून पहिला प्रकार असावा असे मला वाटते, कारण आतली कड झिजणे हे त्याच्याशी जुळते.

आवाजाचे वर्णनही बोलके आहे. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून तेव्हा वाढणारा आवाज बहुधा उजव्या बेअरिंगचा असतो. क्राउन आणि पिनियन या डिफरन्शियलमधील मुख्य गीअरजोडीचा आवाज वळणापेक्षा ॲक्सिलरेटरशी अधिक बांधलेला असतो, म्हणजे जोर देताना एक स्वर आणि पाय उचलताना दुसरा स्वर ऐकू येतो. एखादा दात तुटला असेल तर ठोका मोजूनही कळते. ८० सेंटीमीटर व्यासाचे टायर एका फेरीत सुमारे अडीच मीटर पुढे जाते, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला चार फेऱ्या मारते. एक्सलचे गुणोत्तर ४.१ असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गीअरबॉक्सकडून एक्सलकडे जोर नेणारा दांडा) त्याच वेळात सोळाहून थोड्या अधिक फेऱ्या मारतो. क्राउनचा दात गेला असेल तर ठोका चाकाच्या लयीत येतो आणि पिनियनचा गेला असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या लयीत येतो. हे अतिशय कमी वेगात, खिडकी उघडी ठेवून ऐकावे.

‘खट्’ आवाजाला तूर्त वेगळा प्रश्न मानावे. मागची दोन्ही चाके उचलून, चासी घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) नीट टेकवून, गीअर न्यूट्रलला ठेवून प्रोपेलर शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवावा आणि हालचाल नेमकी कुठे हरवते ते पाहावे. क्रॉसच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाच्या सांध्याच्या, सुईबेअरिंगमध्ये ती हरवत असेल तर उत्तर तिथेच मिळाले. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एका क्षणासाठीही, जाऊ नये.

शेवटी डिफरन्शियलचे ऑइल स्वच्छ भांड्यात काढावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप सापडणे स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा सापडला तर मात्र डिफरन्शियल उघडावेच लागेल.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण एक तपासणी त्याच्याही आधी व्हायला हवी, कारण ती काही मिनिटांची आहे आणि ती न केल्यामुळे चांगली सीले बदलली जातात. हाउसिंगच्या माथ्यावर एक ब्रीदर असतो. एक्सल तापला की आतली हवा प्रसरण पावते आणि या ब्रीदरमधून बाहेर पडते. चिखल सुकून तो बंद झाला तर आतला दाब सर्वांत कमकुवत जागेतून, म्हणजे सीलमधून, ऑइल बाहेर ढकलतो. ब्रीदर काढून त्यातून तोंडाने हवा जाते का ते पाहावे आणि शंका असल्यास सरळ बदलावा.

उलट बाजूचाही धोका आहे. तापलेला एक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या कडेतून पाणी आत ओढले जाते. ब्रीदर उघडा असूनही पाण्याखाली गेला तर पाणी थेट त्यातूनच येते. काढलेले ऑइल दुधाळ किंवा दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. अशा ऑइलमध्ये फिरलेली बेअरिंगे बाहेरून चांगली दिसली तरी त्यांच्या धावपट्टीवर गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात, आणि घुमणारा आवाज तिथूनही येऊ शकतो. म्हणून ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक गाडीच्या बॉडीत उंच नेणे, हे मी अशा प्रत्येक गाडीसाठी आवश्यक मानतो. नळीला एक्सलच्या पूर्ण चढ-उताराइतकी सैल लांबी ठेवावी, नाहीतर स्प्रिंग पूर्ण खाली लटकली की ती निसटते.

मात्र ब्रीदर बंद असेल तर गळती कोणत्याही सीलमधून होऊ शकते. आपल्याकडे ती पुन्हा पुन्हा एकाच बाजूला होत आहे आणि टायरही त्याच बाजूचे झिजले आहे, त्यामुळे माझा संशयही हाउसिंगवरच आहे. मोजमापे अवश्य कळवावीत.

प्रश्नकर्त्याचे निवेदन

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व मोजमापे घेतली आहेत.

ब्रीदर मोकळा होता. माझ्या रिमच्या कडांमधील अंतर जवळजवळ ४०० मिलिमीटरच आहे. सपाट फरशीवर उजव्या चाकाचा माथा ६ मिलिमीटर आत झुकलेला आहे आणि डाव्याचा १ मिलिमीटर. अर्धी फेरी फिरवल्यावर दोन्ही वाचने अर्ध्या मिलिमीटरच्या आत तशीच राहिली. पुढच्या आणि मागच्या अंतरात केवळ १ मिलिमीटरचा फरक आहे. चाक आणि ड्रम काढून डायल गेज (सूक्ष्म डगमग मोजणारे उपकरण) लावला, तेव्हा उजव्या फ्लँजची डगमग ०.०६ मिलिमीटर निघाली. ऑइल काळपट आहे, पण दुधाळ नाही. प्लगवर फक्त लेप आहे, तुकडे नाहीत. प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या क्रॉसमध्ये हाताला जाणवणारी ढिलाई आहे, तेव्हा ‘खट्’ आवाजाचे कारण मिळाले असे वाटते.

यावरून नळीच वाकली आहे असे मी समजतो. पण एक गोष्ट अजून कळत नाही. एवढ्याशा वाकामुळे नवे सील आणि नवे बेअरिंग इतक्या लवकर खराब का व्हावे?

तिसरे उत्तर

आपला निष्कर्ष बरोबर आहे. ४०० मिलिमीटरवर ६ मिलिमीटर म्हणजे ०.८६ अंश. डाव्या बाजूचा १ मिलिमीटर मोजमापाच्या चुकीतही बसतो, त्यामुळे तो सोडून द्यावा. फ्लँजची डगमग इतकी कमी आहे की शाफ्टवर, निदान फ्लँजपाशी, दोष ठेवता येत नाही. केवळ नवा शाफ्ट बसवला असता तर तोही त्याच वाकड्या नळीत फिरला असता आणि गळती परत आली असती.

आता आपण विचारलेले कारण पाहू. सेमी-फ्लोटिंग रचनेत शाफ्टला दोन ठिकाणी आधार असतो. बाहेरचे टोक नळीच्या तोंडातील बेअरिंगमध्ये असते आणि आतले टोक दात्यांनी डिफरन्शियलच्या साइड गीअरमध्ये अडकलेले असते. नळी वाकली की तिच्या तोंडातील बेअरिंगची जागा तिच्याबरोबर तिरकी होते, पण आतले टोक साइड गीअर जिथे आहे तिथेच राहते. परिणामी शाफ्ट बेअरिंगच्या छिद्रात सरळ न बसता एका कोनात बसतो. चाकाचे बेअरिंग एका अंशाच्या लहानशा भागाइतकाच तिरकेपणा सहन करू शकते, त्यापलीकडे गोळ्या किंवा रोलर धावपट्टीच्या एका कडेवर चढून चालतात आणि तिथला पृष्ठभाग उखडू लागतो. सीलचेही तसेच होते. त्याची ओठासारखी कड शाफ्टभोवती सगळीकडे सारख्या दाबाने बसायला हवी, पण इथे ती एका बाजूला चेपलेली आणि दुसऱ्या बाजूला सैल असते, आणि सैल बाजूने ऑइल झिरपते. साइड गीअरमधील दातेही असमान झिजतात. त्यांची झीज सर्वांत उशिरा दिसते आणि तिची दुरुस्ती सर्वांत जड पडते, म्हणून हे काम पुढे ढकलू नये.

हाउसिंग सरळ करावे की बदलावे, हे ते पूर्ण उघडे करून धुतल्याशिवाय ठरवता येत नाही. तीन जागा बारकाईने पाहाव्यात. पाटे ज्या बैठकीवर बसतात तिच्या वेल्डिंगच्या कडा ही पहिली जागा, कारण आदळण्याचा सगळा ताण तिथे एकवटतो आणि बारीक तडे तिथूनच सुरू होतात. ओतीव मध्यभागात नळ्या दाबून बसवलेल्या प्रकारचे हाउसिंग असेल तर नळी आणि ओतीव भाग यांचा सांधा ही दुसरी जागा. नळी ओतीव भागात फिरली आहे का, हे रंगातील तुटलेल्या रेषेवरून कळते. तिसरी जागा म्हणजे वाकाचा आतला भाग, जिथे पत्र्याला सुरकुती पडलेली असू शकते. तडे शोधण्यासाठी लाल भेदक रंग आणि पांढरा विकासक वापरणारी साधी चाचणी पुरेशी आहे. सुरकुती असेल, ओतीव भागात तडा असेल किंवा नळी फिरली असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: हाउसिंग बदलावे. वाक स्वच्छ असेल, एकाच बाजूचा आणि आपल्यासारखा एका अंशाच्या आतला असेल, तर ते सरळ करणे योग्य आणि टिकाऊ ठरते.

सरळ करण्याचे काम डोळ्याने किंवा टायरच्या मापावरून करणाऱ्याकडे देऊ नये. यासाठी घासून तयार केलेला सरळ पोलादी दांडा लागतो. डिफरन्शियलच्या बेअरिंगांच्या जागी दोन अचूक चकत्या बसवून त्यांतून तो दांडा घालतात आणि नळीच्या तोंडात तिसरी चकती ठेवतात. दांड्याचे टोक त्या चकतीच्या छिद्रात हाताने, अडथळ्याशिवाय शिरले पाहिजे. वाकलेल्या नळीत ते वर किंवा खाली अडते, आणि किती अडते यावरून दुरुस्ती ठरते. काही कारागीर हायड्रॉलिक प्रेसने थंड अवस्थेतच नळी दाबतात. अशा वेळी ती थोडी परत फिरते, त्यामुळे हवे त्यापेक्षा किंचित जास्त दाबून, सोडून, पुन्हा मोजावे लागते. दुसरी पद्धत आकुंचनाची आहे. वेल्डिंगचा पट्टा थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्या बाजूला ओढतो. आपल्या नळीचे टोक वर गेले आहे, म्हणून पट्टा खालच्या अंगाला घ्यावा लागेल. पट्टा थोडा थोडा घालून, प्रत्येक वेळी नळी पूर्ण थंड होऊ देऊन दांड्याने तपासावे. घाईने पाणी ओतून थंड करणे धोक्याचे आहे, कारण त्यामुळे पोलाद कडक आणि ठिसूळ होऊ शकते.

पुढील काळासाठी नळीच्या वर आधारपट्टी वेल्ड करून घेण्याचा विचार अनेकजण करतात. खडकाळ वापर चालूच राहणार असेल तर तो चांगला आहे, पण आधारपट्टीचे वेल्डिंगही हाउसिंगला ओढते. सलग शिवण न घालता लहान टाके, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असे घालावे लागतात, आणि शेवटी दांड्याची तपासणी पुन्हा करावी लागते. सरळ करण्याचे काम झाल्यावर आधारपट्टी बसवून तपासणी न करता गाडी जोडली, तर आधीचे सर्व श्रम वाया जाऊ शकतात. वेल्डिंगपूर्वी बेअरिंगे, सीले, शाफ्ट आणि डिफरन्शियल बाहेर काढलेले असावेत. विद्युतप्रवाह बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर सूक्ष्म ठिणग्यांचे डाग पडतात आणि ते बेअरिंग पुढे आवाज करू लागते.

चौथे उत्तर

हाउसिंगविषयी वर उत्तम लिहिले आहे. शाफ्ट पुन्हा वापरायचा असेल तर त्याची परीक्षा स्वतंत्रपणे करावी, कारण फ्लँज सरळ असणे म्हणजे संपूर्ण शाफ्ट निर्दोष असणे नव्हे. तो लेथवर दोन टोकांच्या आधारावर धरून मध्यभागी आणि सीलच्या जागी डायल गेज लावावा. आतल्या टोकावरच्या दात्यांच्या रेषा सरळपट्टीने पाहाव्यात. त्या शाफ्टच्या अक्षाला समांतर असायला हव्यात, आणि त्यांना दोरीसारखा पीळ पडलेला दिसला तर त्या शाफ्टने मर्यादेपलीकडचा जोर सोसला आहे. पीळ पडलेला शाफ्ट आज चालतो म्हणून ठेवू नये. सीलची कड जिथे घासते तिथे नख अडकेल इतकी खाच असेल तर नवे सीलही गळेल. तिथे पातळ पोलादी बाही बसवता येते, पण रोलर थेट शाफ्टवर चालणाऱ्या रचनेत रोलरच्या पट्ट्यात झीज असेल तर शाफ्ट बदलणेच इष्ट.

बेअरिंग बसवताना होणाऱ्या चुका मी इतक्या पाहिल्या आहेत की थोडे सविस्तर लिहितो. बेअरिंगच्या मागची धरकडी काढताना गॅसची ज्योत वापरू नये, कारण उष्णतेने शाफ्टचा कडक केलेला पृष्ठभाग मऊ पडतो आणि शाफ्ट पुढे त्याच जागी तुटतो. कडीला ड्रिलने अर्धवट, शाफ्टला स्पर्श न करता, भोक पाडावे आणि तिथे छन्नीचा घाव घालून ती फोडावी. जोडताना प्रथम धरपट्टी (बेअरिंगला हाउसिंगशी धरून ठेवणारी पट्टी) आणि सील शाफ्टवर चढवण्यास विसरू नये, नाहीतर बसवलेले बेअरिंग पुन्हा काढावे लागते आणि काढताना ते खराब होते. बेअरिंग फक्त आतल्या कड्यावर दाब देऊन खांद्याला टेकेपर्यंत बसवावे, आणि नवी धरकडी त्यानंतर वेगळी दाबावी. दोन्ही एकदम दाबली तर कडी दाबाला पुरेशी आहे की नाही हे हाताला कळत नाही. या रचनेत चाक गाडीला धरून ठेवण्याचे काम ती कडीच करते, म्हणून जुनी कडी पुन्हा वापरणे निषिद्ध आहे.

डिफरन्शियल आपल्या बाबतीत उघडण्याचे कारण दिसत नाही. हाउसिंगसाठी ते बाहेर काढावे लागेलच, तेव्हा बेअरिंगांच्या टोप्या आणि शिम (जागा अचूक करणाऱ्या पातळ चकत्या) यांवर डावे-उजवे अशी खूण करून ते जसेच्या तसे परत बसवावेत. नंतर क्राउन-पिनियनच्या दात्यांमधील फट डायल गेजने आणि दात्यांवरील स्पर्शखूण रंग लावून तपासावी. ही फट बहुतेक एक्सलांत ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानावा. क्राउन आणि पिनियन यांची जोडी एकमेकांवर घासून तयार केलेली असते, त्यामुळे पुढेमागे बदलायची वेळ आली तर त्यांतील एकच बदलू नये.

पाचवे उत्तर

हे उत्तर प्रश्नकर्त्यापेक्षा हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी आहे, कारण अशाच आदळण्यात अनेकदा शाफ्ट जागेवरच तुटतो. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक मागचा हाफ शाफ्ट तुटला की मागच्या दोन्ही चाकांचा जोर जातो, कारण डिफरन्शियल सगळी गती तुटलेल्या, रिकाम्या बाजूकडे सोडून देते. याचा एक परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो. ज्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो, जसा जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये असे, किंवा जिथे चालक केवळ ऑटोमॅटिक गीअरच्या पार्किंग स्थितीवर विसंबून असतो, तिथे शाफ्ट तुटताच मागच्या चाकांवरची ती पकडही संपते. पुढच्या चाकांचा जोर जोडलेला नसेल तर गाडी उतारावर घरंगळू लागते. म्हणून मागे काहीतरी तुटल्याचा आवाज आला की पाय ब्रेकवर ठेवावा आणि सोबत्याने चारही चाकांना दगड लावल्याशिवाय चालकाने खाली उतरू नये.

फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये गाडीचा भार हबच्या बेअरिंगांवर असतो आणि शाफ्ट फक्त जोर वाहतो. तिथे तुटलेला शाफ्ट चाक न काढता बाहेर घेता येतो, हबचे तोंड झाकता येते आणि पुढच्या चाकांच्या जोरावर सावकाश बाहेर पडता येते. सेमी-फ्लोटिंगमध्ये मात्र भारही शाफ्टच वाहत असतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक सुटते. आत तुटला तर, डिफरन्शियलमधील सी-क्लिपने (सी आकाराच्या कडीने) शाफ्ट धरलेल्या प्रकारात, चाक शाफ्टच्या तुकड्यासह हळूहळू बाहेर सरकते. अशी गाडी मागचा एक्सल उचलूनच न्यावी. तुटलेला आतला तुकडा चुंबकाने किंवा तारेच्या फासाने काढता येतो, पण दोन्ही तुटके चेहरे जुळवून एकही कपचा आत राहिला नाही याची खात्री करावी.

तो तुटका चेहराही फेकण्यापूर्वी नीट पाहावा. शिंपल्यावरच्या रेषांसारख्या वक्र पट्ट्या दिसल्या तर तडा बरेच दिवस हळूहळू वाढत होता, आणि अशा वेळी हाउसिंग सरळ आहे का हे मोजल्याशिवाय नवा शाफ्ट घालू नये. सगळा चेहरा एकसारखा ताजा आणि पिळलेला दिसला तर तो एकाच झटक्याच्या जोराने गेला आहे.

तिसऱ्या उत्तरातील सभासदाची पुरवणी

जोडणीविषयी एक गोष्ट लिहायची राहिली होती. एक्सलला पाट्यांशी आवळणारे यू-बोल्ट घट्ट करताना ताणले जातात, म्हणून हाउसिंग परत बसवताना ते नवेच घ्यावेत. त्याच वेळी पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा वाकला आहे का ते पाहावे, कारण तो गेला असेल तर एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधील अंतर दोन्ही बाजूंना मोजले की हे लगेच कळते. यू-बोल्टची शेवटची घट्टाई गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, टॉर्क पान्याने, कोपऱ्याआड क्रमाने करावी आणि काहीशे किलोमीटरनंतर ती पुन्हा तपासावी. क्रॉस बदलताना पिनियनचा कोनही मोजून घ्यावा, कारण पाट्यांच्या बैठकीचे वेल्डिंग हलले असेल तर नवा क्रॉसही थरथरेल. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या घट्टपणाचे आणि जीएल-५ दर्जाचे, भरण्याच्या छिद्राच्या कडेपर्यंत घालावे. भरण्याचा प्लग उघडतो याची खात्री जुने ऑइल काढण्यापूर्वीच करावी.